गेमचा अभ्यास: गोष्ट आधी की नियम?

प्रश्न: मी साहित्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे गेम स्टडीजला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घ्यायचा आहे आणि अर्जासोबत एका गेमचं विश्लेषण जोडायचं आहे. आमचे एक सर म्हणतात, गेम कादंबरीसारखा वाच. दुसरे म्हणतात, गेम म्हणजे नियम, गोष्ट हा नुसता मुलामा. कोणाचं ऐकू?

उत्तर: सुरुवात नियमांपासून कर. दुसऱ्या सरांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे म्हणून नव्हे. गोष्ट वाचायला तू पदवीच्या वर्षांत शिकली आहेस, नियम वाचायची सवय मात्र तुला अजून नाही.

तुझ्या सरांचा हा वाद बराच जुना आहे. टेट्रिस हा वरून पडणारे तुकडे रचून रांगा भरायचा गेम; रांग पूर्ण भरली की पुसली जाते. १९९७ मध्ये अभ्यासक जॅनेट मरे यांनी त्यात कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकन माणसाचं आयुष्य पाहिलं. कामं येऊन आदळतच राहतात आणि ती कशीतरी वेळापत्रकात बसवावी लागतात. २००१ मध्ये गेमचे अभ्यासक मार्कू एस्केलिनेन यांनी यावर सडकून टीका केली. त्यांचा आक्षेप असा की ही गोष्ट गेममध्ये नाहीच, ती बाहेरून लादली आहे. पुढे २००५ मध्ये आणखी एक अभ्यासक जेस्पर यूल यांनी मांडलं की गेमचे नियम खरे असतात आणि जग काल्पनिक, आणि खेळणारा एकाच वेळी दोन्हींत असतो. तेव्हा आज अर्जात नुसती एक बाजू घेऊन भांडलीस, तर वाचणाऱ्याला ते शिळं वाटेल.

टेट्रिसचाच पट जवळून बघ. रूढ पट १० चौकोन रुंद आणि २० उंच. तुकडे सात प्रकारचे, प्रत्येकात चार चौकोन. एक रांग भरायला दहा चौकोन लागतात, म्हणजे अडीच तुकडे. अर्धा तुकडा तर मिळत नाही. म्हणून पहिली रांग एकटी पुसली गेली, तर किमान दोन चौकोन मागे उरतातच. शिवाय नीट भरलेली रांग नाहीशी होते आणि चुकून राहिलेलं भोक पटावर तसंच राहतं. केलेलं काम दिसत नाही, चूक मात्र डोळ्यांसमोर राहते. आता मरे यांचं वाचन पुन्हा आठव. ते पटेल किंवा पटणार नाही, पण त्याला कोणत्या नियमाचा आधार आहे हे तू बोट ठेवून दाखवू शकतेस. परीक्षकाला हेच हवं असतं.

तुझ्या विश्लेषणासाठी गेम छोटा निवड, दोन तासांत संपेल असा. चाळीस तासांचा गेम घेतलास तर निम्मी पानं कथानक सांगण्यातच जातील. साहित्याच्या विद्यार्थ्यांची हीच नेहमीची चूक. मधल्या चित्रफितींचा गोषवारा लिहितात, आणि खेळणारा प्रत्यक्षात काय करत होता याचा पत्ताच नसतो. (संगणकशास्त्राकडून येणारे उलट चुकतात. नियमांची यादी देतात आणि थांबतात.)

आधी सगळे नियम एका पानावर लिही: पटावर काय असतं, एका पाळीत काय करता येतं, काय करता येत नाही, खेळ कधी संपतो. ते पान गेम न पाहिलेल्या मैत्रिणीला दे आणि कागदावर खेळायला सांग. ती खेळताना गप्प बस. ती जिथे अडेल, तिथे तुझा एखादा नियम लिहायचा राहिलेला असतो. मग एकच नियम बदल. पाच डाव जुन्या नियमाने खेळवायचे आणि पाच नव्या. दोन नियम एकदम बदललेस, तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. प्रत्येक डावात ती कुठे थांबली, कुठे वैतागली, कुठे हसली, ते वेळेसकट टिपून ठेव.

या टिपणांवरून लिहिताना २००४ मध्ये हुनिकी, लब्लांक आणि झुबेक यांनी मांडलेली तीन थरांची चौकट कामाला येते: नियम, नियमांमुळे खेळताना घडणारं वर्तन आणि खेळणाऱ्याला येणारा अनुभव. गेम बनवणारा नियमांकडून अनुभवाकडे जातो, खेळणाऱ्याला आधी अनुभव भेटतो. तुझं लिखाण अनुभवापासून सुरू होऊन नियमापर्यंत पोचलं पाहिजे.

गोष्टीकडे मग वळ, आणि ती नियमांशी कुठे भांडते ते शोध. २००७ मध्ये गेम डिझायनर क्लिंट हॉकिंग यांनी बायोशॉक या व्हिडिओ गेमबद्दल हेच दाखवलं होतं: नियम स्वार्थ बघायला शिकवतात, आणि गोष्ट मात्र दुसऱ्याला मदत करायला लावते. अशी एक जागा सापडली, तरी विश्लेषणाला कणा मिळतो.

पुढे नॅरेटिव्ह डिझायनर, म्हणजे गेमची गोष्ट रचणारी, व्हायचा विचार असेल, तर तिथेही नियम सुटत नाहीत. दोन पर्यायांचे सलग दहा प्रश्न घातलेस आणि फाटे पुन्हा एकत्र आणले नाहीस, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून फाटे दोन-तीन प्रश्नांनंतर जोडून घ्यायचे आणि खेळणाऱ्याने काय निवडलं ते एका चलात, म्हणजे प्रोग्रॅममधल्या माहिती लक्षात ठेवणाऱ्या जागेत, साठवायचं. ट्वाइन हे फाटे फुटणाऱ्या गोष्टी बांधायचं मोफत साधन वापरून वीस परिच्छेदांची अशी एक गोष्ट बांध. ती तीन जणांना खेळायला दे, आणि कोणी कोणता फाटा धरला त्याची नोंद विश्लेषणासोबत अर्जाला जोड.