उखर्डू, हिलाल आणि रेयांश

विचारणा खानदेशातल्या जामनेरकडची आहे. घरात मुलगा जन्मला, नक्षत्र स्वाती, गुरुजींनी 'रे' अक्षर काढून दिलं. आत्याबाई 'रेयांश'वर अडून बसल्यात, मामाला 'आरव' हवंय आणि बारशाच्या पत्रिकेत नावाचा अर्थ छापायचाय. त्याच ओघात आणखी एक प्रश्न आलाय: बाळाच्या खापरपणजोबांचं नाव उखर्डू आणि त्यांच्या भावाचं हिलाल. ही नावं आपल्याकडेच का, आणि त्यांचा अर्थ कुणी विचारला तर काय सांगायचं?

आधी खापरपणजोबांचं बघू. उखर्डू कळला की रेयांश तपासणं सोपं जातं.

उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा. आपल्या बोलीतला उखर्डा आणि पुस्तकी मराठीतला उकिरडा एकच. प्राकृतात हा शब्द 'उक्कुरुड' असा सापडतो, म्हणजे तो चांगला जुना आहे. तान्ह्या मुलाला उकिरड्यावर ठेवण्याची गोष्टही जुनी आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याला जैन परंपरा कूणिक म्हणते. त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टाकलं, तिथं कोंबड्यानं त्याचं बोट टोचलं, ते बोट वाकडं राहिलं म्हणून तो कूणिक, अशी ती कथा. तिथं मूल खरोखर टाकलं होतं. आपल्याकडच्या उखर्डूचं प्रकरण नेमकं उलटं आहे.

आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्या मुलाला घरच्यांनी 'आपलं नाही' असं ठरवायचं. बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं किंवा मावशीनं 'सापडलं गं' म्हणत उचलायचं आणि आईच्या ओटीत घालायचं. सटवाई असो, मृत्यू असो, कुणाची नजर असो, त्याला वाटावं की या घराला या पोराचं काही सोयरसुतक नाही. विधी बदलला की नाव बदलतं. सुपात ठेवला तो सुपडू. पाच-सात घरी भीक मागून आणलेल्या धान्यावर किंवा कपड्यावर वाढवला तो भिका, भिकन, भिकाजी. फाटक्या कापडात गुंडाळला तो चिंधा किंवा धुडकू. मुलगी भासावी म्हणून नाक टोचून नथ घातली तो नथू. दगडाला कोण नेणार, म्हणून दगडू आणि धोंडू. विदर्भातला कवडू कवड्यांवर शेजाऱ्याला विकलेला आणि परत घेतलेला. झाडलोटीतल्या केरावरून केरू. गणिती केरूनाना छत्रे यांचं मूळ नाव विनायक होतं, पण विनायक किती जणांना ठाऊक आहे?

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचंच घर घ्या. वडील उखाजी, नवरा नथुजी. उखा-उखाजी हे उखर्डूचं आखडलेलं रूप मानलं, तर एका कवयित्रीच्या माहेरी आणि सासरी अशी एकेक खूण निघते. अर्थात प्रत्येक नथू नथीचाच असतो असं नाही. 'नाथ'चं लाडकं रूपही नथू होऊ शकतं. घरात 'नाक टोचलं होतं' अशी आठवण असेल तर नथ, नसेल तर दोन्ही वाटा मोकळ्या ठेवाव्यात. 'दगा'चा मात्र घोळ होतो. दगा, दगाजी या नावांत फसवणूक शोधू नये. ती फारसीतून आलेली दगाबाजी. माझ्या मते हा दगा दगडूच्या घरातला, जसा भिकनच्या घरातला भिका.

हे सगळं आपल्याकडेच का? आपल्याकडेच नाही. घानामध्ये आकान भाषेत 'सुमिना' हे नाव अशाच मुलाला देतात आणि सुमिना म्हणजे कचऱ्याचा ढीग. रोमन अमलातल्या इजिप्तमध्ये, तिथल्या ग्रीक बोलणाऱ्या लोकांत, 'कोप्रेउस' हे नाव पपायरसच्या कागदांवर मिळतं. ग्रीकमध्ये कोप्रोस म्हणजे शेण, विष्ठा. ही मुलं उकिरड्यावर सापडलेली होती की उखर्डूसारखी मुद्दाम हिणवलेली, यावर अभ्यासकांत वाद आहे. उखर्डू माहीत असलेल्या माणसाला दुसरी शक्यता पटकन पटते. मंगोल लोकांत 'नेरगुई' म्हणजे 'नाव नसलेला', 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे' आणि 'खुनबिश' म्हणजे 'माणूस नव्हे'. मृत्यूनं दारात येऊन विचारलं तर उत्तर तयार! नायजेरियातल्या योरुबांचं 'कोकुमो' म्हणजे 'आता पुन्हा मरणार नाही'. तुर्कांचा 'दुर्सुन' म्हणजे 'थांबो, राहो', आणि 'सातिल्मिश' म्हणजे सरळ 'विकलेला'. हिंदी पट्ट्यातला बेचन आणि बंगालचा तीन कवड्यांचा तिनकडी यांचा तो सख्खा भाऊ शोभतो. यातल्या बऱ्याच भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही. माणसांनी एकच युक्ती वेगवेगळ्या ठिकाणी लढवली.

इथे एक भेद पक्का करून घ्यावा. नावाचा शब्दार्थ ही एक गोष्ट आणि नाव ठेवण्याचं कारण ही दुसरी. उखर्डूचा शब्दार्थ उकिरड्यावरचा, पण ठेवण्याचं कारण 'हा जगावा'. नेरगुई, दुर्सुन आणि उखर्डू यांचे शब्दार्थ एकमेकांपासून कोसभर लांब, कारण मात्र तेच. उलटही होतं. 'पीटर' हे ग्रीक पेत्रोस, त्यामागे अरामी केफा, दोन्हींचा अर्थ खडक. म्हणजे शब्दार्थानं पीटर आणि आपला दगडू एकच. पण येशूनं सायमनला ते नाव दिलं ते पाया म्हणून, भक्कम म्हणून. दगडूला दिलं ते कवडीमोल म्हणून. आणि 'नकोशी' या नावाला उखर्डूच्या पंगतीत बसवू नये. उखर्डू हा फार फार हवा असलेला मुलगा असतो.

तेव्हा खापरपणजोबांच्या नावाचा अर्थ कुणी विचारला तर कारणासकट सांगावा. लाज वाटावी असं त्यात काही नाही.

हिलालची गंमत वेगळी. शब्द अरबी, अर्थ चंद्रकोर, त्यातही अमावास्येनंतर पहिल्यांदा दिसणारी बारीक कोर. जळगाव-धुळ्याकडे पाटील, माळी, चौधरी अशा घरांतही हे नाव सर्रास असतं, म्हणून बाहेरचे लोक चमकतात. चमकायचं कारण नाही. फारुकी घराण्याचं राज्य 1382 ते 1601 इथेच होतं, आधी थाळनेरला आणि मग बुऱ्हाणपूरला. अरबी-फारसी शब्द दरबारातून बाजारात आणि बाजारातून घरात आले. शिवाय मराठीत 'हिलाल'ला दुसराच अर्थ चिकटला: मशाल. 'हिलाल पेटवले' असं जुन्या मराठीत वाचायला मिळतं. म्हणजे नाव ठेवणाऱ्याच्या मनात कोर होती की मशाल? कोशात दोन्ही आहेत, निवाडा घरच्या आठवणीनं करावा. मूल बीजेच्या आसपास जन्मलं असेल तर कोर, नाहीतर 'प्रकाश', 'दीपक' या माळेतला हिलाल. मला मशालीकडे कल वाटतो, कारण नाव शब्दकोशातून उचललं जात नाही, कानावर असलेल्या शब्दांतून उचललं जातं.

परकं नाव म्हटलं तर खुद्द आपल्या मुलखालाच काही काळ होतं. अकबरानं फारुकींचा असीरगड घेतल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचं 'दानदेश' केलं. दानियाल हे नाव अजमेरच्या शेख दानियालवरून आणि मुळात हिब्रू: 'देव माझा न्यायाधीश'. ते टिकलं नाही. एक 'सिकंदर' तेवढा गावोगाव टिकला. त्याचं मूळ ग्रीक 'अलेक्सांद्रोस', म्हणजे माणसांचा रक्षणकर्ता. अरबांना सुरुवातीचं 'अल' आपलं उपपद वाटलं, त्यांनी ते वेगळं काढलं आणि उरला तो इस्कंदर, सिकंदर. नाव एका भाषेतून दुसरीत जाताना असं नेहमी सोललं जातं. म्हणून 'हे कुठल्या भाषेतलं?' या प्रश्नाला कधीकधी दोन-तीन भाषांची नावं घ्यावी लागतात.

आता बाळाकडे येऊ. नव्या नावांत अर्थाचा घोळ बहुतेक वेळा रोमन लिपीमुळे होतो. तिथे अ आणि आ एकाच अक्षरानं लिहितात आणि अर्थ सांगणारी संकेतस्थळं तेवढंच बघून ठोकून देतात. 'आरव'चंच घ्या. जागोजागी अर्थ दिलेला असतो 'शांत'. संस्कृतात रव म्हणजे आवाज, आणि आरव म्हणजेही आवाज, ओरडा. शांत हवा असेल तर तो 'अरव' किंवा 'नीरव'. एका काना-मात्रेनं अर्थ उलटा झाला. कोश उघडायचीही गरज नाही, कोंबडा पहाटे काय करतो ते आठवा: आरवतो. ज्या घरात रात्रभर जागरण चाललंय तिथे हे नाव खोटं नाही म्हणा, पण पत्रिकेत 'शांत' छापू नका.

'रेयांश'चा अर्थ संकेतस्थळांवर 'विष्णूचा अंश' किंवा 'प्रकाशाचा किरण' असा देतात. तो तपासायचा तर आधी नाव तोडून बघावं. शेवटचा तुकडा 'अंश', म्हणजे भाग. शिव + अंश = शिवांश, रुद्र + अंश = रुद्रांश, इथे दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे राहतात. रेयांशमधून अंश काढला की उरतो 'रेय'. त्याला विष्णू किंवा प्रकाश असा अर्थ संस्कृतात नाही. मग 'प्रकाशाचा किरण' कुठून आला? एक तर इंग्रजी 'रे', म्हणजे किरण, त्यात मिसळला असावा. दुसरी शक्यता अंश आणि अंशु यांच्या गल्लतीची. अंशु म्हणजे किरण, म्हणून हिमांशु म्हणजे थंड किरणांचा, चंद्र. अंशचा किरणाशी संबंध नाही. नाव कानाला गोड आहे, ठेवायचं तर जरूर ठेवा, नुसत्या गोडीसाठी नाव ठेवण्यात गैर काही नाही. संस्कृत अर्थ तेवढा जोडू नका.

स्वातीची चार अक्षरं रू, रे, रो, ता. 'रे'नं सुरू होणारी संस्कृत पुरुषनावं फार नाहीत, म्हणूनच ही जोडकामं होतात. पण एक अस्सल आहे: रेवंत. रेवत् म्हणजे धनवान, वेदातल्या 'रयि' म्हणजे संपत्ती या शब्दाच्या कुळातलं. आणि पुराणांत रेवंत हा सूर्याचा मुलगा, घोड्यांचा अधिपती. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार बघणाऱ्या मुलखाला याहून चांगलं काय शोभेल? हाक मारताना 'रेव्या' होईल, पण आपल्याकडे त्यातून कोण सुटतं?

घरात 'रेयान' आणि 'कियान'चीही चर्चा निघेलच, म्हणून तेही सांगून ठेवतो. आयरिश रायन हे मुळात आडनाव. अरबी रय्यान वेगळा, त्याचा अर्थ तहान भागलेला, टवटवीत, आणि रोजा ठेवणाऱ्यांसाठी स्वर्गाचं जे दार आहे त्याचंही नाव तेच. इंग्रजीत लिहिले की दोन्ही जवळपास सारखे दिसतात, म्हणून एकाचा अर्थ दुसऱ्याला लागतो. कियान फारसी: 'कै' म्हणजे राजा, त्याचं अनेकवचन. त्याला 'देवाची कृपा' हा अर्थ लावतात तो योहान-जॉनच्या घराण्यातला, तोही हिब्रूतून आलेला. आयरिश किअन आणखी तिसराच, त्याचा अर्थ प्राचीन. 'आर्यन'मधला शेवटचा न इंग्रजीतून आलेला, संस्कृत शब्द आर्य.

स्वतः तपासायचं तर असं करा. नाव आधी देवनागरीत लिहा, ऱ्हस्व-दीर्घासकट. भाषा ठरवा. संस्कृत म्हणत असाल तर तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा आपट्यांच्या संस्कृत कोशात सापडतो का बघा. एक जरी लटकला तरी अर्थ लिहायचा नाही. मग तो शब्द मराठीत किंवा अहिराणीत आधीच कशाला वापरतात ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आरवसारखे शब्द तिथेच पकडले जातात. घाईचं कारण नाही: जन्मनोंदणीत मुलाचं नाव पहिल्या 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, नंतर शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. इंग्रजी स्पेलिंग मात्र पहिल्याच कागदावर नक्की करा, कारण पुढचे सगळे कागद त्यावरून निघतात.

पत्रिकेत रेवंत ठरलं तर 'रेवंत: धनवान, सूर्यपुत्र' एवढं पुरे. रेयांशच ठेवायचं असेल तर अर्थाची ओळ गाळा आणि त्या जागी आत्याबाईंचं नाव छापा, अर्ध्या रुसव्याचा प्रश्न तिथेच मिटेल.