चराई बदलली तर माळाचा सेंद्रिय कर्ब वाढतो का?

तुम्ही विचारलंय, सहा एकर मुरमाड माळावर चार गाई बारमाही चरतात; चराईची पद्धत बदलली तर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मुळा-पाल्यातून मातीत साठणारा कार्बन, वाढेल का आणि कार्बन क्रेडिटचे, म्हणजे असा कार्बन साठवल्याबद्दल मिळणारे, पैसे मिळतील का?

कर्ब वाढतो. पण माळावर तो मुख्यतः गवताच्या मुळांतून येतो, हे आधी लक्षात घ्या. पात पुन्हा पुन्हा खुडली गेली की गवत सगळी ताकद नवी पात फोडण्यात घालतं आणि मुळं आखूड राहतात. मग मारवेल, पवना ही चांगली गवतं हटतात. कुसळी आणि तरवड माजतात. तरवडाला गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून तोच जास्त दिसत असेल तर माळ अति चरला गेलाय असं समजा.

आपल्याकडचं कोरडवाहू गवत जून ते ऑक्टोबर एवढंच वाढतं. परदेशी व्हिडिओत रोज कुंपण सरकवून गाईंना नव्या पट्ट्यात चारतात, त्यापेक्षा इथे पहिल्या पावसानंतरची विश्रांती मोलाची. गवत गुडघ्याला लागेपर्यंत गाई माळावर सोडू नका. अवघड आहे ते इथेच, कारण नेमका तेव्हाच कडबा संपलेला असतो. म्हणून उन्हाळ्यातच गंजीतला थोडा कडबा बाजूला काढा. माळाचे तीन भाग करा. एक भाग बी पडेपर्यंत पूर्ण बंद, उरलेल्या दोघांत आलटून पालटून चराई. दरवर्षी बंद भाग बदला. चरून झाल्यावर चार बोटं तरी खुंट राहिला पाहिजे. आणि स्पष्टच सांगतो, असल्या सहा एकरांवर चार गाईंचं वर्षभर पोट भरणं कठीण आहे, बांधावरचा चारा लावावाच लागेल.

हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत विळ्याने कापून न्यायची पद्धत आणली. तीही उत्तम, पण मग शेण गोठ्यात पडतं आणि तिथून शेतात जातं. त्यातलं थोडं माळावर परत टाकाच.

आता पैशांचं. एकराचा वरचा १५ सेंमी थर म्हणजे साधारण ८०० टन माती. कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर ८०० किलो. पण प्रयोगशाळा माती २ मिमीच्या चाळणीने चाळून तपासते, दगडगोटे त्यात धरत नाही. तुमच्या माळात एक तृतीयांश दगड धरले तर सहा एकरांत मिळून ३.२ टन कर्ब, म्हणजे (क्रेडिट ज्यात मोजतात त्या) कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात ३.६७ पट, १२ टनांच्या आसपास होतो, आणि तेवढ्यालाही काही वर्षं लागतात. मोजणी आणि पडताळणीचा खर्चच त्यातून मिळणाऱ्या पैशांहून जास्त होईल. एकट्याने क्रेडिटच्या नादी लागू नका. खरी कमाई चाऱ्यात आणि मुरलेल्या पाण्यात आहे.

तरी मातीचा नमुना आत्ताच घ्या, पावसाआधी. शेणाचा पो पडलेली जागा टाळा, ०–१५ आणि १५–३० सेंमी असे दोन थर वेगळे ठेवा, जागेला खूण करा. चार-पाच वर्षांनी त्याच महिन्यात, तिथूनच पुन्हा घ्या.