जेट बोटीला न्यूट्रल नसतं

तुम्ही लिहिलंय की आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, पंख्याच्या इंजिनाची) सवय होती, आता जुनी हॅमिल्टन जेटची, म्हणजे पंपाने पाणी मागे फेकून चालणारी बोट घेतली. धक्क्यापाशी न्यूट्रलला टाकली की ती आपोआप डावीकडे गिरकी घेते आणि रिव्हर्सला भलतीकडेच जाते. केबल बदलायची का, असं विचारताय. आधी स्टिअरिंगचं चाक बघा. माझी पैज आहे, त्या वेळी ते डावीकडे वळलेलंच राहिलेलं असणार.

आउटबोर्डला न्यूट्रल म्हणजे पंखा थांबला. जेटला तसं नाही. इंजिन चालू आहे तोवर इम्पेलर (पंपातला पंखा) फिरतोय आणि पाणी मागे फेकतोय. बकेट (झोतामागे खाली येणारी, त्याला पुढे वळवणारी झडप) अर्धी खाली आली की त्यातलं काही पाणी मागे जातं, काही पुढच्या दिशेला वळतं, दोन्ही जोर एकमेकांना खातात आणि बोट जागेवर राहते. पण तुमच्या प्रकारच्या जेटमध्ये पाणी आधी नोझलमधून (चाकाबरोबर वळणाऱ्या तोटीतून) वळतं आणि मग बकेटवर आपटतं. म्हणून चाक वळलेलं असेल तर आडवा जोर शिल्लक राहतो आणि बोट जागच्या जागी फिरते. हा दोष नाही. अरुंद जागेत याच्यासारखी सोय दुसरी नाही.

त्याच कारणाने तुमच्या बोटीत चाक डावीकडे म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) डावीकडे, पुढे जाताना, उभं असताना आणि मागे येतानाही. पिछाडी अर्थातच उजवीकडे. आउटबोर्डला रिव्हर्समध्ये चाक ज्या बाजूला, पिछाडी त्या बाजूला, त्यामुळे तुमचे हात अजून जुनंच बोलतायत. काही जेट बोटींत बकेट नोझललाच जोडलेली असते आणि तिच्याबरोबर वळते. त्या रिव्हर्समध्ये आउटबोर्डसारख्याच वागतात. म्हणून मित्राच्या बोटीवर शिकलेलं स्वतःच्या बोटीला लावू नका. मोकळ्या पाण्यात, आजूबाजूला कोणी नसताना, दहा मिनिटं नुसती मागे चालवा.

आता मुख्य गोष्ट. थ्रॉटल (गॅस) आणि बकेटचे दांडे वेगळे आहेत ना? मग धक्क्याकडे येताना थ्रॉटल आयडलपेक्षा थोडा वर ठेवा आणि विसरून जा. वेग फक्त बकेटने सांभाळा. सुकाणू नाही, पाण्यात काही लोंबत नाही, म्हणजे झोत कमी केला की दिशा देण्याची ताकदही गेली. आउटबोर्डवाला घाबरला की गॅस सोडतो. जेटवाल्याने तेच केलं तर बोट ओंडक्यासारखी सरकत जाऊन आपटते. मी न्यूझीलंडमधल्या बेनमोर तलावावर नॉर्वेस्टर (वायव्येचा जोरदार वारा) सुटलेला असताना हे करून बसलोय. नाळेवरचा रंग गेला, बायको दोन दिवस हसत होती.

रिव्हर्समध्ये जास्त गॅस दिला तर उलट काम बिघडतं. झोत बोटीच्या पोटाखालून पुढे जातो, फेसाळतो, तेच बुडबुडे इनटेकमधून (पंपाच्या पाणी ओढायच्या तोंडातून) परत आत येतात आणि पंप नुसता गुरगुरतो. मुळात रिव्हर्सचा जोर पुढच्यापेक्षा बराच कमी. तेव्हा बकेटने ब्रेक लवकर आणि हलका.

धक्का डाव्या हाताला असेल तर वाऱ्याच्या तोंडावर, साधारण तीस अंशांत नाळ धक्क्याकडे करून सावकाश या. (न्यूझीलंडमध्ये किनारा किंवा धक्क्यापासून दोनशे मीटरच्या आत तशीही पाच नॉट्सची मर्यादा आहे.) बोटीच्या लांबीएवढं अंतर राहिलं की चाक उजवीकडे वळवून बकेट खाली घ्या. वेग मरतो, नाळ बाहेर जाते, पिछाडी आत येते आणि बोट समांतर लागते. मग चाक परत फिरवावंच लागत नाही. वारा धक्क्यावरून बाहेर ढकलत असेल तर कोन थोडा वाढवा आणि आधी नाळेचा दोर टाका. वारा आत ढकलत असेल तर फार काही करू नका, फेंडर (कडेला बांधायच्या उशा) बाहेर लटकवून समांतर थांबा, वाराच लावून देईल.

उथळ रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) मात्र ही करामत नको. पंप खालची वाळू आणि खडे ओढतो. तिथे इंजिन बंद करून वल्ह्याने या.

गंमत म्हणजे हे यंत्र गाजलं ते उथळ पाण्यासाठीच. बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात आयरिशमन क्रीकला, टेकापोजवळ, ते न्यूझीलंडच्या दक्षिण बेटातल्या उथळ नद्यांसाठी जमवलं. एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगासागरहून गंगेतून वर निघाले तेही जेट बोटींनीच. पण तिथे बोट धावत असते. एकाच जागी थांबून पंप चालवणं वेगळं.

आणि पिछाडीचा दोर लांब ठेवू नका. इनटेकपर्यंत पोचणार नाही एवढाच ठेवा. माझा एकदा ओढला गेला, तेव्हा इंजिन झटक्यात बंद पडलं आणि मी तासभर गार पाण्यात उभा राहून चाकूने तंतू सोडवत होतो. कोणी पोहून शिडीकडे येत असेल तरी न्यूट्रलवर भिस्त ठेवू नका, किल्ली फिरवून इंजिन बंदच करा.