घराचे वायरिंग : आधी पाइप, मग सर्किट, पॉइंट शेवटी

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या बाजूला तळमजला आणि वर एक मजला असे तुमचे घर उभे राहत आहे, पुढच्या आठवड्यात पहिला स्लॅब आहे आणि वायरिंगचे काम घेणारा ‘किती पॉइंट (म्हणजे दिवे, पंखे, प्लग यांच्या जागा) काढायचे ते सांगा’ एवढेच विचारतो आहे. पुढे इलेक्ट्रिक गाडी आणि सोलर घ्यायचे असल्यामुळे पुन्हा भिंती फोडाव्या लागू नयेत आणि बिलही आटोक्यात राहावे, यासाठी आत्ता काय ठरवावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी नाशिकमध्येच परवानाधारक विद्युत कंत्राटदार म्हणून काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे वायरिंगचा दर पॉइंटवर ठरतो आणि बहुतेक घरांचे नुकसान तिथेच सुरू होते. पॉइंटचे पैसे मिळणाऱ्या माणसाला एकाच सर्किटवर, म्हणजे मुख्य पेटीतून निघणाऱ्या एकाच लाइनवर, जितके जास्त पॉइंट लूप करता येतील, म्हणजे एकाला एक जोडत नेता येतील, तितके फायद्याचे असते. डीबीपासून (घरभर वीज वाटणाऱ्या त्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र वायर ओढण्याचे, वायरसाठी मोठा पाइप टाकण्याचे किंवा एखादा पाइप रिकामा सोडण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. म्हणून करार करताना पॉइंटबरोबरच सर्किटची संख्या, प्रत्येक सर्किटच्या वायरची जाडी आणि रिकाम्या पाइपांचे फूट हे तिन्ही लिहून घ्या आणि त्याचे वेगळे पैसे द्या. खर्च थोडा वाढेल, पण वायर पुढे केव्हाही बदलता येते. काँक्रीटमध्ये गेलेला पाइप बदलता येत नाही.

आता सर्किटांकडे वळू. तुमच्यासारख्या घराचा भार मी सहसा असा मांडतो : तीन एसी मिळून सुमारे 4.8 किलोवॅट, तीन गीझर 6, इंडक्शन 2, ओव्हन 1.2, वॉशिंग मशीन 2, पाण्याची मोटर 0.75, दिवे-पंखे 1 आणि गाडीचा चार्जर 7.4. ही बेरीज 25 किलोवॅटच्या आसपास जाते. सगळे एकाच वेळी चालत नाही हे खरे, तरी थ्री-फेज जोडणी (तीन वेगळ्या फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांची जोडणी) आत्ताच मागणे शहाणपणाचे आहे आणि तिन्ही बाथरूमचे गीझर तीन वेगळ्या फेजवर असले पाहिजेत. नाशिकच्या घरावर खरा ताण उन्हाळ्यात नव्हे, तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येतो, कारण त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळे गीझर, मोटर आणि स्वयंपाकघर एकदम सुरू होते.

अशाच एका जानेवारीत गंगापूर रोडवरच्या एका घरी मला बोलावले होते. गीझर मधेच बंद पडतो, अशी तक्रार होती. स्विचची प्लेट उघडली तेव्हा फेजच्या वायरचे आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक झाले होते, नखाने दाबताच त्याचे तुकडे पडले, आणि टर्मिनलचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता. दोन बाथरूमचे गीझर एकाच 2.5 चौरस मिलिमीटरच्या वायरवर लूप केलेले होते. दोन किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे दोन मिळून 17 च्या वर. त्यात जोड सैल, त्यामुळे तिथेच उष्णता साचत गेली. एमसीबी (वायरवर जास्त भार आला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडू नये म्हणून कोणीतरी तो 32 अँपिअरचा बसवला होता. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो, उपकरणाच्या सोयीसाठी नव्हे, हे त्या घरात कोणीच सांगितले नव्हते.

म्हणून प्रत्येक गीझर आणि प्रत्येक एसी डीबीपासून स्वतंत्र, 4 चौरस मिलिमीटरच्या वायरने आणि 20 अँपिअरच्या एमसीबीवर घ्या. दिव्यांना 1.5 आणि साध्या प्लगना 2.5 पुरते. स्वयंपाकघराला किमान तीन सर्किट द्या आणि फ्रिज वेगळा ठेवा. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत. वायर आयएस 694 मानकाची तांब्याचीच हवी आणि डीबी घेताना एक तृतीयांश जागा रिकामी राहील एवढा मोठा घ्या.

जाड वायरने बिल कमी होते असे दुकानात सांगतात, ते बहुतेक ठिकाणी फारसे खरे नाही. वीस मीटरवरच्या गीझरला 2.5 ऐवजी 4 ची वायर टाकली तर वायरमध्ये वाया जाणारी वीज फार तर दहा-पंधरा वॅटने कमी होते. तिथे जाड वायर घ्यायची ती सुरक्षिततेसाठी आणि टिकण्यासाठी. गाडीच्या चार्जरची गोष्ट मात्र वेगळी आहे. 7.4 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर तासन् तास ओढतो. मीटरपासून पार्किंग 25 मीटर असेल तर जाऊन-येऊन 50 मीटर वायर होते, आणि 4 च्या वायरमध्ये सुमारे 250 वॅट नुसते उष्णतेत जातात, 6 च्या वायरमध्ये सुमारे 170 आणि 10 च्या वायरमध्ये सुमारे 100. आठ तासांच्या चार्जिंगमागे 4 आणि 10 यांच्यात सव्वा युनिटच्या आसपास फरक पडतो. गाडी आज नसली तरी मीटरच्या जागेपासून पार्किंगच्या भिंतीपर्यंत 40 मिलिमीटरचा पाइप टाकून त्यात ओढायची तार सोडा. वायर गाडी घ्याल तेव्हा ओढता येईल.

बिल खरे कमी होते ते उपकरणांमुळे. साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो आणि बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. सहा पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला तीन युनिटांहून अधिक वाचतात. बीएलडीसी पंख्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, म्हणून त्या पंख्यांच्या बोर्डावर रेग्युलेटरचे मॉड्यूल घेऊ नका.

सोलरसाठी गच्चीपासून मीटरपर्यंत 32 मिलिमीटरचे दोन पाइप आणि अर्थिंगच्या पट्टीसाठी वेगळी वाट हवी. ही वाट दोन्ही स्लॅबमधून जाणार असल्याने पहिल्या स्लॅबमध्येच डीबीजवळ चार इंची पाइपचा तुकडा उभा ठेवा, आणि वरच्या स्लॅबमध्ये तशीच जागा एकावर एक येईल हे पाहा. तो तुकडा बीममध्ये जात नाही ना, हे आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला आधी दाखवून घ्या. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला 78,000 रुपये अनुदान आहे, त्यामुळे घर झाल्यावर वर्षा-दोन वर्षांत तुम्ही सोलर घ्यालच, असे धरून चाला.

न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या वायरचा) मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो, पण सर्वात जास्त डोकेदुखी तोच देतो. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल डीबीपर्यंत स्वतंत्र आला पाहिजे. इंदिरानगरमधल्या एका बंगल्यात आरसीसीबी (गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह जुळला नाही, म्हणजे कुठे गळती झाली, की वीज तोडणारा स्विच) सतत पडत होता, म्हणून आधीच्या वायरमनने तो बाजूला काढून मेन थेट जोडून दिली होती. दोष होता इन्व्हर्टरच्या आणि साध्या सर्किटच्या एकत्र बांधलेल्या न्यूट्रलचा. ते शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि तोवर त्या घरातली लहान मुले संरक्षणाशिवाय राहत होती याचे मला अजूनही वाईट वाटते. प्रत्येक स्विचबोर्डातही एक न्यूट्रल सोडा, कारण पुढे स्मार्ट स्विच बसवायचे ठरले तर बहुतेकांना तो लागतो. घराला एकच आरसीसीबी देण्याऐवजी 30 मिलिअँपिअरचे दोन-तीन द्या, म्हणजे बाथरूममधल्या गळतीने सगळे घर अंधारात जाणार नाही.

अर्थिंग चांगले असले की आरसीसीबीची गरज नाही, असे तुम्हाला कोणी सांगेल. हिशेब पाहा : अर्थिंगचा रोध 5 ओहम म्हणजे घरासाठी बरा मानला जातो, तरी दोषाच्या वेळी 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअरच वाहतात. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला किमान 80 अँपिअर लागतात. 46 वर तो कित्येक सेकंद घेऊ शकतो. आरसीसीबी तेच काम सेकंदाच्या अंशात करतो. शिवाय आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम-कातळ असतो. काळी माती उन्हाळ्यात तडकून इलेक्ट्रोडपासून (अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या धातूपासून) सुटते आणि रोध वाढतो. म्हणून घरासाठी अर्थिंगचे दोन खड्डे करा, ते बागेच्या पाण्याजवळ ठेवा आणि रोध मे महिन्यात मोजा. वळवाच्या विजांसाठी डीबीत एसपीडी (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अर्थमध्ये वळवणारे उपकरण) बसवा. उघड्या तारांवरून येणाऱ्या जोडणीला तो हवाच.

इंटरनेटचा आणि कॅमेऱ्यांचा पाइप विजेच्या पाइपपासून फूटभर दूर, पूर्ण वेगळा ठेवा, आणि हॉलच्या व वरच्या पॅसेजच्या छतात वाय-फायसाठी एकेक पॉइंट काढा.

पुढच्या आठवड्याचे काम एवढेच : स्लॅबमधले पाइप 25 मिलिमीटरचे आणि जाड प्रतीचे असावेत, एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत दोनपेक्षा जास्त बेंड नसावेत, सगळी तोंडे बूच लावून बंद असावीत. लोखंड बांधून झाल्यावर भिंतीपासून टेप धरून प्रत्येक खोलीचे फोटो घ्या. पुढे छतात ड्रिल करताना तेच उपयोगी पडतील. काँक्रीट भरताना व्हायब्रेटरने किंवा मजुरांच्या पायाखाली पाइप सुटतात, म्हणून स्लॅब पूर्ण होईपर्यंत वायरमनचा एक माणूस पाइप चिकटवायचे सोल्यूशन आणि दोन-चार कपलर (पाइप जोडायचे तुकडे) घेऊन वर उभा राहील, हे त्याच्याकडून आजच कबूल करून घ्या. दुसऱ्या दिवशी सेंट्रिंग जागेवर असतानाच प्रत्येक पाइपातून तार सारून पाहा.