गिरणीतून अक्षरं कधी निघणार?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या बालवाडीत तीन आठवडे ‘पिठाची गिरणी’ हा एकच प्रकल्प चाललाय. शेजारच्या मुलीला ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरं येतात. आमचा हा घरभर डबे मांडून ‘दळण कुणाचं?’ करत हिंडतो. वर्ष वाया तर जात नाही ना? – एक आई, सातारा

उत्तर : तुमचं पत्र वाचून हसू आलं, कारण गिरणी आमच्या बालवाडीतही झाली होती. आमची मुलं गिरणीत गेली, तेव्हा एकाने ताज्या पिठात हात घातला आणि म्हणाला, “ह्याला ताप आलाय!” मग प्रत्येकाला हात घालायचाच होता. पीठ गरम का? मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एका आजींचं जातं आणलं. सगळ्यांनी आळीपाळीने खुंटा धरला, घाम निघाला, पीठ निघालं वाटीभर, तेही जाडंभरडं. पण गरम नव्हतं. जोरात घासलं की तापतं, हे मग तळहात चोळून त्यांचं त्यांनीच काढलं.

वर्गात गिरणी मांडली आणि पहिल्याच दिवशी डब्यांवरून भांडण. कुठला कुणाचा? चिठ्ठ्या हव्यात! ज्या पोराने पाटीला हात लावला नव्हता, त्याने त्या दिवशी स्वतःच्या नावातला ‘स’ चार वेळा गिरवला. उलटा, पण गिरवला.

हे खूळ नवं नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं होती.

मात्र प्रकल्पाच्या नावाखाली काहीही खपतं, हेही खरं. मी स्वतः एकदा ‘पाऊस’ आधीच ठरवून तीस कागदी छत्र्या कापून ठेवल्या होत्या. पोरं सगळी खिडकीत, बाहेर जेसीबी रस्ता खणत होता. छत्र्या अजून कपाटात आहेत.

तेव्हा बालवाडीच्या ताईंना ‘अक्षरं कधी?’ विचारण्याआधी ‘ह्या आठवड्यात मुलांनी काय विचारलं?’ एवढंच विचारा. त्या सांगायला लागल्या आणि थांबेनात, तर निर्धास्त राहा. नुसत्या भिंतीवरचा तक्ता दाखवू लागल्या, तर पुन्हा पत्र टाका. आणि घरच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायचं काम त्याच्याकडेच द्या. ‘तांदूळ’ला ‘त’ एवढाच आला तरी चालेल.