अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये गेल्या वर्षीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चढाईची सूत्रं सांभाळणारा खेळाडू) यंदाही पक्का असतो का?

नाही, मुळीच नाही. अमेरिकेत ऑगस्टच्या सुमारास सराव शिबिर सुरू होतं आणि जवळपास प्रत्येक जागेसाठी नव्याने चुरस लागते. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पूर्ण पॅड (अंगाला मार लागू नये म्हणून घालायच्या गाद्या) त्यानंतर काही दिवसांनी. म्हणजे खरी धडकाधडकी नंतरच. दिवसातून दोनदा पॅड घालून सराव घेणं २०१७ पासून बंद आहे, आणि ते योग्यच झालं. ऑगस्टच्या उन्हात पोरांचे जीव गेलेत.

प्रशिक्षक बघतात ते मुख्यतः पहिल्या फळीबरोबर कोण किती चुका करतो ते. पण क्वार्टरबॅकची गोष्ट वेगळी. सरावात त्याला सहसा कुणी पाडत नाही, त्यामुळे अंगावर माणसं धावून आली की तो काय करेल, हे सामन्यातच कळतं. म्हणून २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी पहिला सामना केड मॅकनमाराला दिला, दुसरा जे. जे. मॅकार्थीला. मॅकनमारा आदल्या वर्षी संघाला प्लेऑफपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीपर्यंत, घेऊन गेला होता, तरी जागा मॅकार्थीला मिळाली. मला मॅकनमारासाठी फार वाईट वाटलं, पण निर्णय बरोबर होता: पुढच्याच वर्षी मॅकार्थीच्या हाताखाली मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले.