साताऱ्यात घरापुढची लॉन काढून कमी पाण्याची, कमी कटकटीची बाग कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात बंगला, पुढे हजारभर चौरस फूट अंगण, त्यातली निम्मी लॉन दर एप्रिलला जळते. तुम्ही पुण्यात, घरी आई-वडील दोघंच, नळाचं पाणी मोजकं. वडील म्हणतात सरसकट पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होऊ. आणि कोपऱ्यात एक जुना आंबा आहे, ज्याच्याखाली काही येत नाही, त्याचं काय करावं?

मी कोरेगावचा. घरापुढची बाग स्वतः केली आहे, आणि नातेवाइकांच्या अंगणात नाक खुपसायची सवय आहे. तेवढ्या भांडवलावर सांगतो.

आधी वडिलांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं निम्मं खरं आहे. लॉन काढाच. आपल्याकडच्या भर उन्हाळ्यात गवत हिरवं ठेवायचं तर दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. तुमची ५०० चौरस फूट लॉन म्हणजे ४६ चौरस मीटर. हिशोब करा, रोज सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी, तेही नुसत्या गवताला. टँकर मागवून गवत जगवायचं आणि मग माणूस लावून तेच कापून घ्यायचं, या उद्योगाला आमच्याकडे जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण सरसकट पेव्हरही नको. सिमेंटचे ब्लॉक दिवसभर तापतात आणि अंधार पडल्यावरही बराच वेळ धग सोडत राहतात. समोरची खोली पश्चिमेला असेल तर मे महिन्यात संध्याकाळी खिडकी उघडवत नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या पांढऱ्या गोट्यांच्या बागांचंही तेच, वर आणखी एक दुखणं. आंब्याचा मोहर, पाला आणि रस्त्यावरची धूळ गोट्यांच्या फटीत साचते, एक-दोन पावसाळ्यांत तिची माती होते आणि त्यात गवत उगवतं. मग गोटे उचलून धुवायचे कोणी? तुमच्या आईने?

पक्की जमीन लागते ती तीन ठिकाणी: गाडी उभी राहते तिथे, फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेला, आणि तुळशीपुढे वाळवणापुरती. वाळवणाची जागा विसरू नका. कुरडया-पापड, मिरच्या, डाळी घालायला उन्हातली सपाट जागा मागाहून शोधत बसावं लागतं आणि मग ती गच्चीवर निघते, जिथे जिना चढून जायचं वय आई-वडिलांचं राहिलेलं नसतं. वाटेला शहाबादी फरशी घाला, पण खाली काँक्रीट न ओतता कचेवर, म्हणजे दगडाच्या बारीक चुऱ्यावर, बसवा आणि फटी मोकळ्या ठेवा. गाडीखाली मुरूम पुरतो. ३०० चौरस फुटांवर चार इंच थर म्हणजे बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास. दबल्यावर तो बसतो, म्हणून थोडा जास्तच मागवा. पाणी मारून धुम्मसाने नीट ठोकून घेतला की चाक रुतत नाही आणि पाणीही बरंचसं मुरतं.

आता मुख्य गोष्ट. कमी पाण्याची बाग म्हटलं की लोक थेट नर्सरीत जाऊन निवडुंग उचलतात. खरं काम त्याआधीचं आहे: पावसाळ्यात अंगणात पडलेलं पाणी कुठे जातं ते बघणं. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. सातारा शहर या दोन्हींच्या मधे, साधारण हजारावर. म्हणजे तुमच्याकडे पाऊस कमी नाही, तो चार महिन्यांत पडून निघून जातो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. गच्ची हजार चौरस फुटांची, म्हणजे ९३ चौरस मीटर धरली, तर वर्षाला नव्वद हजार लिटर तिच्यावर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, तरी सत्तर हजारांच्या वर उरतं. ते आज पाइपातून गटारात जातंय आणि उन्हाळ्यात तुम्ही टँकर शोधताय.

आमच्या तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ साली वॉटर कप या पाणी अडवण्याच्या गावोगावच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला तो डोंगरावर चर खणून, वाहतं पाणी जागच्या जागी अडवून. अंगणातही तत्त्व तेच. फूटपट्टी घेऊन उतार बघा. कळत नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा, पाणी आपणहून दाखवतं. त्या उताराला आडवे वाफे करा, आणि ते वाटेपेक्षा चार-सहा बोटं खाली ठेवा. गवंडी नेमकं उलटं करतो: विटांचा कठडा बांधून माती वर चढवून देतो, कारण फोटोत ते छान दिसतं. त्या उंच वाफ्यावरून पावसाचं पाणी निघून जातं आणि उन्हाळ्यात माती चारी बाजूंनी वाळते. गच्चीचा एक पाइप या खोल वाफ्यात सोडा, जास्तीचं पाणी पुढे शोषखड्ड्यात. शोषखड्डा पायापासून आणि सेप्टिक टँकपासून दूर घ्या, दहा फुटांच्या आत तर नकोच. जमीन काळी असेल तर हे आणखी सांभाळा, कारण काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि कंपाउंडच्या भिंतीला तडे देते.

तुमची जमीन काळी की मुरमाड ते तुम्ही लिहिलेलं नाही. कुदळीने दोन फूट खणून बघा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला फूटभर खाली मुरूम लागतो, नदीकडच्या भागात काळी. आणि बंगल्याच्या पुढच्या अंगणात हमखास तिसरीच वस्तू सापडते: बांधकामाचा राडारोडा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, चुना. वर चार बोटं लाल माती पसरून बिल्डर निघून गेलेला असतो. झाड लावण्याच्या जागेपुरता तरी तो काढून टाका. इक्झोरासारखी झाडं अशा जमिनीत पिवळी पडतात, मग माणसं खतावर खत ओततात. खताचा तिथे संबंध नसतो, चुन्यामुळे झाडाला लोह घेता येत नाही.

आता लव्हाळा. कमी देखभालीच्या बागेचं सगळं यशापयश या एका गवतावर आहे, आणि त्याबद्दल कोणीच सांगत नाही. लॉन काढली म्हणजे गवत गेलं असं नसतं. हरळीच्या कांड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी खाली तशाच राहतात. लव्हाळ्याचं एक पान धरून ओढा, पान हातात येतं आणि गाठ जमिनीत. खुरप्याने सावकाश खणून पाहिलंत तर दिसेल, दोऱ्यात मणी ओवल्यासारख्या काळपट गाठी एकीला एक जोडलेल्या, वीतभर खोल, कधी त्याहून खाली. प्रत्येक गाठीतून नवं रोप. यावर लोक काळी वीड मॅट, म्हणजे गवत दाबायचं कापड, टाकतात आणि वर खडी. स्वस्त मॅट असेल तर लव्हाळ्याचं टोक ती सुईसारखी भोसकून वर येतं. दुकानदार हे सांगणार नाही.

माझा सल्ला: घाई करू नका, एक उन्हाळा त्यासाठी द्या. एप्रिलच्या सुरुवातीला लॉन खरवडून काढा, जमीन खणून ढेकळं फोडा, सपाट करा, एकदा भरपूर पाणी द्या आणि वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून अंथरा. काळं नको, पारदर्शकच, म्हणजे ऊन आत शिरून माती शिजते. कडा मातीत पक्क्या पुरा, वाफ बाहेर जाता कामा नये. पाच-सहा आठवडे तसंच राहू द्या. याने गवताचं बी आणि वरच्या थरातली हरळी बरीचशी मरते. लव्हाळा पुरता मरत नाही, दमतो. मग वळवाचा पाऊस झाला की जे कोंब वर येतील ते ओल असताना गाठीसकट उकरून काढायचे, पुन्हा आले की पुन्हा. ग्लायफोसेट हे तणनाशक मारा असं कोणी सांगेल. २०२२ मध्ये केंद्राने ते परवानाधारक कीडनियंत्रकांनीच मारावं असा नियम काढला, आणि आई-वडील अनवाणी फिरतात त्या अंगणात मी ते मारणार नाही. लव्हाळ्याला खरी भीती सावलीची. झुडपं दाट झाली, खालची जमीन झाकली गेली की तो आपोआप मागे हटतो.

म्हणून झाडं निवडताना चार प्रकार घ्या आणि प्रत्येकाची पाच-सात रोपं एकत्र लावा. एकेक नमुना आणून प्रदर्शन भरवू नका. मागच्या बाजूला शंखासुर, तगर, अडुळसा, निर्गुंडी. ही सगळी आपल्या हवेत मुरलेली आहेत. अडुळसा आणि निर्गुंडीला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, फाटक उघडं राहिलं तरी चिंता नाही. तरवड मिळाला तर जरूर लावा. माण-खटावच्या माळावर कोणी पाणी न घालता पिवळाधमक फुलतो तोच. नर्सरीवाल्याला मागितलात तर तो हसेल, पण शेंगा आणून बी टाकलं तरी येतो. कंपाउंडवर बोगनवेल चालेल. तिला जास्त पाणी दिलं की नुसती पानं येतात आणि फुलं रुसतात, तेव्हा तिची हेळसांड हाच तिचा लाड. काटे मात्र आहेत, वाटेपासून लांब ठेवा. कण्हेर काटक आहे, पण विषारी. पिवळी बिट्टी तर बियांसकट. नातवंडं येत-जात असतील तर दोन्ही टाळा.

चाफा घ्या, पण तो हिवाळ्याअखेर पानं टाकून बोडका होतो, तेव्हा वाळला म्हणून कोणी तोडणार नाही हे बघा. चाफा आणि कोरफड यांना साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून ती खोल वाफ्यात नको, थोड्या उंचवट्यावर. खाली जमीन झाकायला जांभळ्या पोटाच्या पानांचं रिओ आणि सदाफुली. आणखी हिरवं हवंच असेल तर गवती चहाचे चार ठोंब लावा, चहालाही होतात.

अरेका पाम नको. प्रत्येक बंगल्यापुढे तो असतो आणि प्रत्येकाची टोकं करपलेली असतात. ड्युरांटाची कुंपणंही नकोत, सारखी कात्री मागतात. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो म्हणून कोणी गळ्यात मारेल. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे, एवढं सांगून पुढे जातो. आणि कासच्या पठारावरून कंद किंवा रोपं उकरून आणायचा मोह नको. ती कातळावरच्या वीतभर मातीत, धुक्यात वाढणारी झाडं आहेत, अंगणात जगत नाहीत, आणि तिथून उचलणं गुन्हा आहे.

लागवड पाऊस नीट लागल्यावर, जूनअखेर ते जुलै. नर्सरीच्या पिशवीतली माती बहुतेक लाल नाहीतर कोकोपीटची असते. तो गोळा जसाच्या तसा काळ्या मातीत पुरला तर उन्हाळ्यात दोन्हींच्या मधे फट पडते आणि झाडाची मुळं गोळ्यातच गोल फिरत बसतात. पिशवी फाडून बाहेरची मुळं बोटांनी जरा सैल करा आणि खड्ड्यात तिथलीच माती, थोडं शेणखत मिसळून, भरा. मोठं झाड विकत घेऊ नका. दोन फुटी रोप दोन पावसाळ्यांत सहा फुटी रोपाला गाठतं आणि पैसेही वाचतात.

आच्छादनाला आपल्याकडे सोन्यासारखी वस्तू फुकट पडलेली असते: उसाचं पाचट. कारखाने सुरू झाले की ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा, एक ट्रॉली तो स्वतःहून आणून टाकेल. बारीक करून वाफ्यात वीतभर थर द्या, बसून तो निम्मा होतो. खोडाला चिकटवू नका, एक हात मोकळी जागा ठेवा, नाहीतर वाळवी लागते. घरालगत दोन फूटही पाचट नको. दिवाळीत फटाके दुसऱ्या बाजूला उडवायचे, एवढं पथ्य.

पाण्यासाठी साधं ठिबक करा, एक १६ मिलिमीटरची नळी आणि प्रत्येक झुडपाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर. गच्चीवरच्या टाकीवरून चालवणार असाल तर साधे ड्रिपर घ्या, दाब-नियंत्रित प्रकाराला तेवढा दाब मिळत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर ड्रिपर क्षाराने बुजतात, म्हणून फिल्टर बसवा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन-अडीच तास, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा. रोज थोडं थोडं पाणी दिलंत तर मुळं वरच राहतात, आणि एक आठवडा टाकी रिकामी राहिली की झाड मान टाकतं. वडिलांना संध्याकाळी हातात पाइप घेऊन उभं राहायची आवड असेल तर तुळस आणि दोन कुंड्या त्यांच्यासाठी ठेवा. ती आवड मोडू नका.

राहिला आंबा. अजिबात काढू नका. तुमच्या अंगणातला सगळ्यात थंड कोपरा तोच आहे, आणि जुन्या झाडाची मुळं आपलं पाणी आपण शोधतात. त्याच्याखाली काही उगवत नाही ही तक्रार नव्हे, फुकटची सोय आहे: तिथे लव्हाळाही येत नाही. दोन खुर्च्या मावतील एवढी फरशी टाका, खोडाभोवती मोकळी माती ठेवा आणि पडलेला पाला तिथेच राहू द्या. झाडलोट करायला येणाऱ्या मावशींना हे आधी सांगून ठेवा, कारण त्या पहिल्याच दिवशी तो गोळा करून काडी लावतील आणि स्वच्छ अंगण दाखवायला तुमच्या आईला बाहेर बोलावतील.